पाटीवरचं नाव आणि माणसाचा पत्ता
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत लागलो तेव्हा १९८२ चा संप होऊन गेला होता. साच्यावर उभं राहून जे ऐकलं, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, तेवढंच आमचं भांडवल. आज रस्त्यांच्या आणि वस्त्यांच्या नावांबद्दल दोन शब्द बोलतो.

आपण रोज चिंचपोकळी म्हणतो. म्हणजे चिंचेच्या झाडांची खोलगट जागा. झाडं गेली, नाव राहिलं. चर्नी रोड म्हणजे गुरांच्या चरणीचा रस्ता. १८३८ साली सरकारने गुरे चारण्यावर फी बसवली, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी पदरच्या पैशाने जमीन घेऊन गुरांना मोकळी करून दिली, असं सांगतात. करी रोड ऐकून नवखा माणूस जेवणाचा विचार करतो, पण तो चार्ल्स करी नावाचा रेल्वेचा गोरा साहेब! कामाठीपुरा हा बांधकामावर राबायला आलेल्या कामाठी मजुरांचा. काळा घोडा पुतळ्यावर स्वार होता इंग्लंडचा राजपुत्र, पण लोकांनी नाव ठेवलं घोड्याचं. १९६५ साली पुतळा हलवला, तरी नाव हललं नाही. आणि डिलाईल रोडला कामगार पुढारी ना. म. जोशी यांचं नाव दिलं, तरी आपल्याच तोंडात अजून डिलाईल रोड आहे.

मौज वाटली ना? पण नावाला दुसरी बाजू आहे.

आम्ही गावाहून आलो तेव्हा पंधरा जणांच्या खोलीत राहत होतो. आई कुणाकडून तरी पत्र लिहून घ्यायची. पाकिटावर गावाच्या आधी आमच्या वाड्याचं नाव असायचं, जातीचं. एक दिवस पाकीट दुसऱ्याच्या हाती पडलं. कोणी काही बोललं नाही. पण रात्री पंगतीत पाण्याचा तांब्या आमच्यापर्यंत आलाच नाही. आम्ही आईला कळवलं, नुसतं गावाचं नाव घाल. लाज आम्हाला वाड्याची नाही वाटत. आम्ही तो लपवला, त्याची आजही वाटते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा जाऊन समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे यावीत, असे ठरले. चांगलं झालं. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे आपण झगडलो. नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण बांधवांनो, पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. समता नगर लिहिलं आणि पाण्याचा नळ वेशीपाशीच थांबला, तर समता पाटीवरच राहिली. म्हणून गावी जाल तेव्हा तीन गोष्टी पाहा: पाटी बदलली का, कागदावरचा पत्ता बदलला का, आणि तांब्या सगळ्यांपर्यंत पोचतो का?

आणि जुनं नाव मुलांपासून लपवू नका. विहारात बसवून त्यांना सांगा, ते कुणी दिलं होतं आणि आपण ते का पुसलं. आम्ही लपवलं ती चूक त्यांनी करू नये.