दुधाचा दात आणि गटाचं कर्ज

मी बचत गटांची समन्वयक. एरवी तुमच्याशी बोलते ती हप्ता, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल. आज लहान मुलांच्या दातांबद्दल बोलणार आहे. या बाईला दातांतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. कळत नव्हतं, म्हणूनच तर माझ्या हातून एक चूक झाली. आधी तीच सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या एका गटाची बैठक चालू होती. अंतर्गत कर्जाचा विषय आला तेव्हा एका ताईनं चार हजार मागितले. कशासाठी, तर पाच वर्षांच्या मुलाची खालची दाढ किडली होती आणि तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी उपचार सांगितले होते. मी हसून म्हटलं, "अगं, दुधाचाच दात ना? पडेल की दोन वर्षांत. त्यापेक्षा शेळीसाठी घे, पैसा तरी फिरेल." सगळ्या हसल्या. तीही हसली आणि खाली बसली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नाही.

तीन आठवड्यांनी ती बैठकीला आली नाही. मुलाचा गाल डोळ्याखालपर्यंत सुजला होता, अंगात फणफणून ताप होता. तालुक्याहून त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. चार दिवस सलाईनमधून औषधं चालली आणि शेवटी दाढ काढावी लागली. तेवढे दिवस नवरा-बायको दोघांचीही मजुरी बुडाली. पुढच्या बैठकीला ती आली, नेहमीसारखी बचत भरली आणि सही केली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी बी.ए. झालेली, गावोगाव फिरून बायकांना आरोग्याचं सूत्र समजावणारी, आणि भर बैठकीत चुकीचा सल्ला दिला तो मीच.

मग मी ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टर मॅडमना भेटले. एकदा नाही, तीन-चार वेळा. त्यांनी जे समजावलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, माझा हिशेबच चुकला होता. बाळाला साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झालं की पडू लागतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे त्या पोराला ती दाढ दोन नाही, आणखी पाच-सहा वर्षं लागणार होती. तिच्यावरच तो भाकरी चावणार होता. दुधाचा दात खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागाही धरून ठेवतो. तो लवकर गेला की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वेडावाकडा येतो. आणि दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की ही दुधाचीच. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. ती किडून गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

आता कीड म्हणजे काय? दातात अळी नसते, बायांनो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन वाटीत किडे पाडून दाखवतात, ते दातातले नसतात. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की तेही खातात आणि आम्ल सोडतात. लिंबाची फोड फरशीवर पडून राहिली की फरशी खडबडीत होते ना, तसं ते आम्ल दाताचं वरचं कवच झिजवतं. खाल्ल्यानंतर अर्धा तास तरी हे चालतं. मग लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि दात थोडा सावरतो. पण पोराच्या हातात दर तासाला बिस्किट असेल तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं.

रात्री झोपेत लाळ कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपलं, तर ते दूध रात्रभर दातांना लागून राहतं. वरचे पुढचे चार दात काळे होऊन झिजलेली मुलं प्रत्येक गावात दिसतात. त्यामागे बहुतेकदा ही बाटली असते. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देणंही तसंच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध मुळीच देऊ नये. अंगावरचं दूध मात्र या भीतीनं तोडू नका. दात आले की रात्रीचं पाजून झाल्यावर ओल्या मऊ फडक्यानं दात पुसा, आणि वर्ष उलटलं की रात्रभर सतत पाजायची सवय हळूहळू कमी करा.

गूळ चालतो का, असं सगळ्या विचारतात. आपला ऊसपट्टा, घरात गुळाची ढेप असतेच. पण जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा. खोकल्याचं गोड औषध दिल्यावरही पाणी पाजा. मधल्या वेळेला भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं, काकडी, पेरूच्या फोडी असं काही द्या.

इथे मी माझ्याच घराचा हिशेब सांगते. एकदा रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून काढला. माझ्या मुलीला रोज पाच रुपयांचे दोन पुडे, एक क्रीमच्या बिस्किटांचा आणि एक कुरकुऱ्यांचा. दिवसाचे दहा रुपये, महिन्याचे तीनशे, वर्षाचे ३,६५०. गटात मी महिन्याला शंभर रुपये बचत करते आणि त्याच्या तिप्पट पैसे दात किडवायला घालते! तिला आता पुडा मिळतो तो फक्त बाजारच्या दिवशी.

आता घासायचं कसं? पहिला दात दिसला की त्या दिवसापासून. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा. एकच वेळ जमत असेल तर रात्रीची चुकवू नका. पेस्ट फ्लोराईडची घ्या, पाकिटावर तो शब्द लिहिलेला असतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी नको. घासून झाल्यावर थुंकायला लावा, खळखळून चुळा भरायची गरज नाही. पेस्टची ट्यूब मुलाच्या हाती देऊ नका, गोड लागते म्हणून मुलं ती खातात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं. तिकडच्या मैत्रिणींनी पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणि "तो आपलं आपण घासतो" असं कौतुकानं सांगू नका. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट वळत नाही. त्याला घासू द्या, पण नंतर तुम्ही एकदा फिरवा. लहानग्याचं डोकं मांडीवर घ्या, तोंड वर करा, म्हणजे सगळं दिसतं. पहिले काही दिवस रडेल. केस विंचरतानाही रडतच होता की!

आता मिश्रीबद्दल. हे बोलताना मला जड जातं, कारण माझी आजी मिश्री लावायची आणि माझी सासू आजही लावते. त्या ताईच्या मुलालाही दुखतं म्हणून घरातल्या थोरल्यांनी दाढेत चिमूटभर मिश्री भरली होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं थोडा वेळ बधिर होतं, आत कीड चालूच राहते आणि पोराला तंबाखूची सवय लागते. लहान मुलाच्या तोंडात मिश्री घालायची नाही. सासूबाईंशी भांडू नका, समजावून सांगा. माझ्या सासूबाईंनी स्वतःची सोडली नाही, पण नातीला लावायची नाही, हे कबूल केलं. आणि आपल्या तोंडातले जंतू लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. म्हणून घास चावून भरवू नका, बाळाचा चमचा स्वतः चाटू नका, आणि आपले किडके दातही दाखवून घ्या.

किडलाच दात, तर काय करायचं? कीड सुरू होताना दात काळा नसतो. हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसते. त्या वेळी नीट घासणं, खाण्याच्या वेळा सांभाळणं आणि डॉक्टरांनी फ्लोराईडचा लेप लावणं, एवढ्यावर कीड थांबू शकते. खड्डा पडला तर सिमेंट भरतात. काही मुलांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड नावाचं औषध लावतात. त्याला सुई नाही, मशीन नाही. कीड थांबते, पण तो भाग काळा पडतो. तेव्हा डॉक्टरनं दात बिघडवला असं समजू नका. कीड नसेपर्यंत गेली असेल तर नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवतात. दात पडायची वेळ आली की तो टोपीसकट पडतो. काढावाच लागला तर जागा धरून ठेवणारी तार बसवता येते का, हे विचारा.

ठणका आपोआप थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि खाली पू साठत असतो. हिरडीवर पुटकुळी, एकाच बाजूनं चावणं, रात्री रडत उठणं, ही खूण समजा. चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळपर्यंतही थांबायचं नाही.

पैशाची चिंता असते, मला माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतं. त्यात दातही येतात. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली तर ती पाकिटात पडून राहू देऊ नका. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, हे आशाताईंकडून कळेल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयंही आहेत. खरं तर पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा दात दाखवून आणावेत, दुखत नसले तरी.

आमच्या गटानं आता ठराव लिहिला आहे: मुलाच्या दातासाठी मागितलेलं कर्ज आजारपणाचं कर्ज धरायचं आणि त्याच बैठकीत द्यायचं. ठराव मी मांडला, अनुमोदन त्या ताईनं दिलं. महिन्याच्या पहिल्या बैठकीला आम्ही मुलांना घेऊन येतो. मोबाईलची बॅटरी लावायची, वरचा ओठ उचलायचा, पांढरी रेघ आहे का ते पाहायचं. एका मुलाला दोन मिनिटंही लागत नाहीत. परवा दोन मुलांना अशी रेघ दिसली. दोन्ही आया त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन आल्या.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. आणि कुणी "दुधाचेच दात आहेत, पडतील" असं म्हणालं, तर हसू नका. मी हसले होते.

लेकरांना सांभाळा, स्वतःलाही सांभाळा. पुन्हा भेटू.