आयुष्य थोडे आहे, मग काय करायचे? : एक ख्रिस्ती विचार

(तोआ पायोह येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या मंडळात देवाधर्मावर बोलायचे म्हणजे जपूनच बोलावे लागते. इथे बसलेल्यांपैकी निम्मे जण नास्तिक आहेत, आणि उरलेले आपण आस्तिक आहोत हे चारचौघांत सांगत नाहीत. तरीही 'आयुष्याची क्षणभंगुरता' या विषयावर ख्रिस्ती बाजूने बोल, असे सांगून मला उभे केलेत, याबद्दल आभार. मी मूळची अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म येऊन चार पिढ्या झाल्या. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. तेव्हा प्रवचनाची भीती बाळगू नका.

सुरुवात जवळूनच करते. तोआ पायोह या नावाचा अर्थ 'मोठी दलदल'. 1960 च्या दशकात इथे सरकारी घरे उभी राहू लागली. इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बिदादरी आहे. आज तिथे नव्या इमारती, तळे आणि बाग दिसते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1972 पर्यंत ती दफनभूमी होती. 2001 ते 2006 या काळात तिथल्या सुमारे 58,000 ख्रिस्ती आणि 68,000 मुस्लिम कबरी उकरून अवशेष हलवण्यात आले. डॉ. लिम बून केंग यांच्यासारख्या काही नामवंतांच्या कबरींचे दगड स्मृतिउद्यानात ठेवले आहेत. बाकीच्या हजारो नावांची जागा आता ओळखूही येत नाही. आजही चोआ चू कांगला दफन केले तर कबरीची मुदत 15 वर्षे असते. 1998 पासूनचा हा नियम आहे. मुदत संपली की ख्रिस्ती माणसाचे अवशेष काढून त्यांचे दहन होते आणि रक्षा एका कोनाड्यात जाते.

थोडक्यात, या शहरात माणूस तात्पुरता आहेच, त्याची कबरही मुदतीची आहे. एम्प्लॉयमेंट पासवर राहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये!

ख्रिस्ती विचाराला यात धक्का बसण्यासारखे फारसे नाही. कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला परवानगी दिली. पुनरुत्थानावर श्रद्धा असणाऱ्याची भिस्त दगडावर नसते. बायबलमधले नव्वदावे स्तोत्र माणसाच्या आयुष्याचा हिशेब सत्तर, फार तर ऐंशी वर्षे असा मांडते, आणि त्याची तुलना सकाळी टवटवीत असून संध्याकाळी सुकणाऱ्या गवताशी करते. वसईकडचे कॅथलिक राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतात, ती आपण मातीचे आहोत याची आठवण म्हणून.

तुम्ही म्हणाल, यात नवे काय? आपले संतही हेच सांगत आले. खरे आहे, आणि ना. वा. टिळकांसारखा कवी तुकोबांचे बोट धरूनच ख्रिस्तापर्यंत पोचला. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्ती परंपरा देहाला भ्रम मानत नाही. देह देवाने घडवला आणि तो चांगला आहे, असे ती मानते. म्हणून पौल मृत्यूला सरळ शत्रू म्हणतो. लाजरसच्या कबरीपाशी येशू रडतो. आपण याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे, तरी रडतो. 'सुटला बिचारा' म्हणून चटकन मोकळे होण्याची सवलत या गोष्टीत नाही. जो गेला तो एकच होता, आणि त्याच्यासाठी शोक करणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वर्गाचे आश्वासन देऊन गरिबांना गप्प बसवण्याचे काम चर्चनेही केले आहे. जीवन क्षणभंगुर आहे, हे भरल्या पोटी म्हटले की तत्त्वज्ञान वाटते. पण सर्वांचे जीवन सारखेच क्षणभंगुर नसते. नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे महार-मांग समाजातून आलेली आहेत. 1876-78, 1896-97, 1899-1900 असे लागोपाठचे दुष्काळ त्या पिढ्यांनी पाहिले. 'पोटासाठी धर्म बदलला' असे त्यांना हिणवले गेले. माझे म्हणणे असे की, ज्याचे मरण कुणी मोजत नव्हते त्याला आपला जीव मोलाचा आहे असे कुणीतरी सांगितले, यात हिणवण्यासारखे काय आहे?

पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पतीही गेले. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरात तान्ही मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या मुली घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. भुकेने आपले माणूस नेले, हे त्या विसरल्या नाहीत, आणि शोकाचे त्यांनी काम केले. जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी तरीही पूर्णत्वाला नेले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या.

सगळ्यांचे काम असे पुरे होत नाही. टिळक 1919 साली वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' बरेचसे लिहायचे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लग्नाच्या वेळी ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी. आणि त्यांचे स्वतःचे 'स्मृतिचित्रे' अपुरे राहिले, त्याचा शेवट मुलाने, देवदत्तांनी लिहिला. आयुष्य थोडे असले तरी ते एकट्याचे नसते, हे मला इथे दिसते. आपले अपुरे काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येणे हीही एक श्रद्धाच आहे. तुम्ही पुनरुत्थान मानत नसाल तरी एवढे मानायला हरकत नसावी.

आता आपल्याविषयी. परदेशी राहणारी आपण माणसे 'नंतर'वर जगतो. प्रोजेक्ट संपल्यावर जाऊ, मुलांची परीक्षा झाल्यावर जाऊ. मुंबईचे विमान पाच-सहा तासांचे असते, पण रात्री दोनला आलेल्या फोनला ते कधीच वेळेवर पोचत नाही. म्हणून धार्मिक उपदेशाऐवजी चार साध्या गोष्टी सांगते.

एक, मृत्युपत्र करा. सीपीएफ असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती रक्कम मृत्युपत्राने वाटली जात नाही, तिचे नामनिर्देशन वेगळे करावे लागते. दोन, बुद्धी साथ देईनाशी झाली तर निर्णय कोणी घ्यायचे याचे अधिकारपत्र, म्हणजे एलपीए, करून ठेवा. तीन, अखेरच्या आजारात यंत्रांवर ठेवायचे की नाही, दहन की दफन, अवयवदान, हे घरात बोला. आई-वडिलांशीही बोला. हा विषय अशुभ नाही. चार, आपल्या इमारतीच्या तळमजल्याच्या मोकळ्या जागेत कुणाची अंत्यविधीची खुर्च्या-टेबले मांडलेली दिसली, तर मान खाली घालून लिफ्टकडे पळू नका. ओळख नसली तरी दोन मिनिटे थांबा. कुणाचे तरी एकुलते एक माणूस गेलेले असते.

दिवस मोजके आहेत, हे समजायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. ते कळल्यावर हात आखडायचा की सैल सोडायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येकाला सोडवावा लागतो. माझ्या श्रद्धेने मला सैल सोडायला शिकवले. तुमच्या विवेकानेही तेच शिकवले असेल, तर आपण एकाच बाकावर बसलो आहोत.

आता रविवारी ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी फोन जरा लांबवावा, एवढेच सांगते आणि थांबते.