‘आमेन’ म्हटल्यावर पुढे काय?

मागच्या भागात आपण प्रार्थनेला वेळ कसा काढायचा यावर बोललो. त्यावर एका ताईची व्हॉइस नोट आली. ती म्हणते, प्रार्थना झाली, आमेन म्हटलं, मग पुढे काय? प्रश्न साधा वाटतो, पण मला तो आठवडाभर पुरला.

नहेम्यापासून सुरुवात करू. हा माणूस शूशनच्या राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार. पक्की नोकरी, यरुशलेमपासून लांब. तिकडचा तट पडलाय, वेशी जळाल्यात अशी बातमी येते. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. हे आपण सगळ्यांनी संडेस्कूलमध्ये ऐकलंय. पण महिने बघा. बातमी किसलेव महिन्यात आली आणि राजासमोर विषय निघाला तो नीसानमध्ये. म्हणजे मध्ये साधारण चार महिने गेले. या चार महिन्यांत त्याने काय केलं असेल, हे राजाने विचारल्यावर कळतं. तुला काय पाहिजे, असं राजा विचारतो. नहेम्या तिथल्या तिथे मनातल्या मनात प्रार्थना करतो आणि मग धडाधड यादी सांगतो. किती दिवस लागतील, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं, राजाच्या रानाच्या रखवालदाराला लाकडासाठी पत्र, आणि ते लाकूड कुठे कुठे लागणार तेही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला हे वाचून फार बरं वाटतं. कारण एवढा तपशील ऐनवेळी सुचत नाही. प्रार्थना करता करता हा हिशोब मांडत होता. पुढे तट 52 दिवसांत उभा राहिला.

आता आपल्याकडे या. आमच्या ऑफिसमध्ये काही बिघडलं की टिकिट उघडतात. त्या टिकिटावर कुणाचं नाव नसेल तर ते तसंच पडून राहतं. सगळे बघतात, सगळ्यांना वाईट वाटतं, काम कुणीच करत नाही. आपल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची प्रार्थना विनंती मला कधीकधी तशी दिसते. आमच्याच ग्रुपवर एक काकू दर आठवड्याला लिहायच्या, ‘काकांच्या डायलिसिससाठी प्रार्थना करा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. मग एकदा तरुण संघातल्या एका मुलीने विचारलं, ‘काकू, तुम्ही दवाखान्यात जाता कशाने?’ रिक्षाने. आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन. चार तास मशीनवर राहून माणूस पिळून निघतो, त्यात वर परतीची रिक्षा मिळेना. आता पाच जणांनी वार वाटून घेतलेत. काकांचा आजार काही गेलेला नाही. त्यासाठी प्रार्थना चालूच आहे. पण तिने तो एक प्रश्न विचारला म्हणून निदान रिक्षाची धावपळ थांबली.

याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच आहे. उघड्या, उपाशी भावाबहिणीला नुसतं ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावलंत तर त्याचा काय उपयोग, असं तो विचारतो. याकोब गोड बोलत नाही. मला आवडतो.

आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचं नाव आपण कौतुकाने घेतो, पण 1896-97 साली त्या कुठल्या परिस्थितीत होत्या ते बघू. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली, त्यामुळे उपासमार म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शारदा सदनला अमेरिकेतून जी मदत मिळत होती ती दहा वर्षांपुरती कबूल झालेली, आणि ती मुदत संपत आली होती. पैसा आटणार हे समोर दिसत असताना ही बाई उठून दुष्काळी भागात गेली आणि पुढच्या काळात तिने तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. तेव्हा पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या जणींना तिथे ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तीच मुक्ती.

रमाबाई प्रार्थनेच्या बाबतीत कच्च्या होत्या असं कुणीही म्हणणार नाही. 1905 मध्ये मुक्तीत जे संजीवन झालं ते ख्रिस्ती जगात आजही सांगितलं जातं. पण तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. गुडघे टेकायचे आणि हाताला शाई लावून घ्यायची, दोन्ही एकाच आवारात.

अजून एक गोष्ट, जी उपासनेत फारशी सांगत नाहीत. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं, या स्वतः ख्रिस्ती, तरी लिहिलं. कृती म्हणजे फक्त डबा पोचवणं नाही, कधीकधी तक्रार अर्जही असतो. आपल्याला डबा सोपा वाटतो, अर्जाला हात थरथरतात.

काही जण म्हणतील, मग प्रार्थना कशाला, एनजीओच काढू. मला नाही पटत. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात शत्रू चाल करून येणार असं कळतं तेव्हा लोक प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहाराही बसवतात. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्यात.

येत्या शुक्रवारी तुमच्या प्रार्थनासभेत एवढंच करून बघा. विनंती आली की प्रार्थना करण्याआधी विचारा, ‘यात या आठवड्यात नेमकं काय लागणार आहे?’ पैसे, गाडी, रक्त, कागदपत्रं, की नुसतं कुणीतरी शेजारी बसायला? कधीकधी उत्तर येईल, ‘काही नाही, फक्त प्रार्थना करा.’ मग मनापासून तीच करा.

आणि हो, बऱ्याच जणांनी केडगावला जाण्याबद्दल विचारलंय. ते पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे. मुक्ती मिशन आजही चालू आहे. पण आधी संपर्क करून, विचारून जा, तिथे माणसं राहतात. आणि सेल्फी जरा कमी काढा!

भेटू पुढच्या भागात. प्रभू तुमच्याबरोबर असो.