उंच जोत्यांच्या गावात



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे, म्हणजे कोल्हापूरचे, गुणगान करावे अशी रीत आहे. अंबाबाई, तालमी, गूळ हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, आणि तांबडा-पांढरा रस्सा दुपारी आपली बाजू स्वतःच मांडेल. म्हणून मी या गावाच्या पायऱ्यांबद्दल बोलतो.

ज्येष्ठांच्या आणि दिव्यांगांच्या घरांवरच्या या परिषदेसाठी जागा शोधताना एका सभागृहात लिफ्ट दिसली, पण लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या. दुसरीकडे रॅम्प होता आणि त्याच्या तोंडाशी जनरेटर मांडलेला. ‘माणसं लावून उचलून घेऊ की, काळजी कशाला?’ असे तिथल्या व्यवस्थापकांनी मोठ्या आपुलकीने सांगितले. उचलायला कोल्हापूरचा माणूस कधी मागे हटत नाही, हे खरे. पण कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेल्या माणसाने रोज सकाळी चौघांना हाका माराव्यात काय?

आपल्या जुन्या पेठांतली घरे उंच जोत्याची. ओल आणि पाणी बाहेर राहावे म्हणून बांधणाऱ्याने जोते उचलले, दारात दगडी पायऱ्या घातल्या, आत माडीवर जायला अंगावर येणारा लाकडी जिना ठेवला. बांधणारा तेव्हा तिशीत होता. आज तीच व्यक्ती ऐंशीची आहे आणि चार वर्षांत माडीवर गेलेली नाही. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांत तीन-चार मजली सोसायट्या आल्या, त्यांत लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका दवाखान्याखेरीज खाली उतरत नाहीत, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत असते आणि वार्षिक सभेत लिफ्टच्या वर्गणीला तळमजल्याचा विरोधही ठरलेला असतो.

यात आमच्या गावाची आणखी एक गाठ आहे, ती म्हणजे पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तेव्हापासून नदीकडच्या भागात जो तो घर उंच करतो आहे. खाली पार्किंग, वर राहणे. पुराच्या दृष्टीने शहाणपणाचेच. पण हिशेब करून पाहा : चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा. जोते दोन फूट असेल तर चोवीस फूट उतार लागतो, तो अंगणात कसाबसा बसतो. आठ फुटांच्या पार्किंगला मात्र शहाण्णव फूट लागतात, मधल्या विश्रांतीच्या सपाट जागा वेगळ्याच. तेवढे अंगण शहरात कुणाकडे आहे? मग लिफ्ट बसवतात. आणि पूर आला की पहिल्यांदा वीज बंद होते. पाण्यापासून वाचवण्यासाठी ज्या मजल्यावर नेले, त्याच मजल्यावर माणूस अडकतो आणि खाली बोट येऊन थांबलेली असते.

म्हणजे एकेका घराच्या नकाशात हा प्रश्न सुटत नाही. कोणती घरे कोणत्या जमिनीवर असावीत, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची जागा म्हणजे शहराचा विकास आराखडा. तिथे ‘वृद्धाश्रम’ असे आरक्षण कुठे टाकतात ते पाहा. जिथे जमीन स्वस्त आणि वस्ती विरळ, तिथे. उंचावर असते, हे मान्य. पण तिथून मंडई, दवाखाना, केएमटी बसचा थांबा, कट्ट्यावरचे मित्र, सगळेच लांब. कायमचे प्रवासाला पाठवल्यासारखे ते घर.

याच गावात वेगळा विचार झालेला आहे. शिक्षणाची दारे उघडली तरी खेड्यातला मुलगा राहणार कुठे, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी ओळखला आणि १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली. त्यांतली कितीतरी आजही दसरा चौकाच्या आसपास, गावाच्या ऐन मध्यावर उभी आहेत. हक्काला छप्पर लागते, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली तीही याच कोल्हापुरात, आणि तिथेही उपचार-शिक्षणाबरोबर राहण्याची सोय आलीच.

कायद्याची उणीव आहे असे मला वाटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकाम परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात हे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असे बजावले. राज्याच्या स्थावर संपदा नियामकाने, महारेराने, त्याच वर्षी ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना ९०० मिलिमीटरचे दरवाजे, पकडायच्या दांड्या, लिफ्ट असे निकष घालून दिले. पण ते ‘ज्येष्ठांचा प्रकल्प’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इमारतींना. बाकीच्या इमारतींतली माणसे काय म्हातारी होत नाहीत?

परवानगीचा आणि दाखल्याचा, दोन्ही शिक्के महापालिकेच्या टेबलावर आहेत. शहराबाहेरच्या बेचाळीस गावांत ते नागरी विकास प्राधिकरणाच्या टेबलावर. (हद्दवाढीचा विषय मी काढत नाही, काढला तर परिषद इथेच संपेल.) शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तो बहुतेक साहित्य-वाटपात आणि मानधनात जातो. त्याची गरज आहेच. पण तीनचाकी मिळालेल्या माणसाच्या दारात फूटभर उंच गटार असेल, तर ती तीनचाकी ओसरीवरच गंजते.

आणखी एक. २०२४ च्या निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांच्या घरी जाऊन मतदान घेण्याची सोय झाली. पथके जिने चढली, त्यांनी गल्ल्या शोधल्या, मतपेटी खाटेपाशी नेली. कोण कोणत्या मजल्यावर राहते आणि खाली का उतरत नाही, हे शासनाच्या एका यंत्रणेने डोळ्यांनी पाहिले आहे. मतदाराची माहिती दुसऱ्या कामाला वापरू नये, ते योग्यच. पण मतासाठी जे पायी फिरून जमले, ते घरासाठीही प्रभागवार, लोकांच्या संमतीने जमू शकते. आज आराखडा करणाऱ्यांच्या हातात २०११ ची जनगणना आहे. तिच्यात राज्यातले २९.६३ लाख दिव्यांग आहेत. शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या आजी नाहीत.

दुपारच्या सत्रात शेजारच्या दालनात शहराचा मोठा नकाशा टेबलावर पसरून ठेवणार आहोत. भिंतीवर लावला असता तर खुर्चीत बसलेल्यांना वरचा भाग दिसला नसता. त्यावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे, केएमटीचे थांबे आहेत. दृष्टिहीन मित्रांसाठी रेषांवर दोरा चिकटवलेला आहे. पूररेषेच्या वर आणि थांब्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, महापालिकेच्या मालकीच्या कोणत्या जागा घरांसाठी मागता येतील, त्यांवर खुणा करायच्या आहेत. स्थानिकांनी तर कराव्यातच. पाहुण्यांनीही आपल्या गावात असे काही घडले असेल तर तिथेच सांगावे. नगररचनेचे अधिकारी पाच वाजेपर्यंत थांबणार आहेत, तसा त्यांनी शब्द दिला आहे.