हातोहात फाटलेली पुस्तके

श्रोतेहो, आज मी ज्या लेखकाविषयी बोलणार आहे, त्याचे नाव शाळेच्या क्रमिक पुस्तकात तुम्हांला सहसा आढळायचे नाही. पण गावातल्या साठी ओलांडलेल्या वाचणाऱ्या माणसापुढे ते नुसते उच्चारून पाहा. चेहरा कसा खुलतो ते बघा. बाबुराव अर्णाळकर!

खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अर्णाळा हे वसई तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. समोर पाण्यात किल्ला आहे. त्या गावाचे नाव लावून या गृहस्थांनी रहस्यकथा लिहायला घेतल्या आणि ते लिहीतच राहिले. किती लिहिल्या? गिनेसच्या विश्वविक्रमांच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली होती. १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने निघालेल्या रहस्यकथा १,०९२! गुरुजी मंडळींनी हा आकडा फळ्यावर मांडून मुलांकडून भागाकार करून घ्यावा. ४८ वर्षे, १,०९२ पुस्तके. वर्षाला बावीस-तेवीस, म्हणजे साधारण सोळा दिवसांना एक पुस्तक. आणि हे एकदोन वर्षे नव्हे हो, जवळजवळ अर्धे शतक. आपल्याकडे सोळा दिवसांत ग्रामपंचायतीचा दाखलासुद्धा हाती पडेलच असे नाही.

आता या पुस्तकांत असायचे काय? झुंजार असायचा, काळापहाड असायचा, धनंजय आणि त्याचा छोटू असायचा. काळापहाड हा तर कायद्याच्या बाहेरचा माणूस. पण लुबाडायचा तो मातलेल्यांना आणि आधार द्यायचा तो गरिबाला. वाक्ये आखूड, बोलणी भरपूर, आणि प्रकरण संपायचे ते नेमके अशा जागी, की दिवा मालवायला हात जाऊ नये. पुस्तक लहानखुरे, खिशात मावणारे. आपल्या पनवेलच्या एस. टी. स्टँडवर कोकणच्या गाडीत बसावे आणि अर्णाळकर उघडावेत. पेण यायच्या आत खून पडलेला असे, वडखळच्या नाक्यावर संशय भलत्याच माणसावर जाई, कोलाड मागे पडेपर्यंत तो भला माणूस निर्दोष ठरे, आणि महाडला उतरताना खरा गुन्हेगार सापडलेला असे. घाटावर जाणाऱ्यांचा हिशेब निराळा. बोरघाटात गाडी लागली तर उलगडा दुसऱ्या दिवशी!

या लेखनात उणे नव्हते, असे मी म्हणणार नाही. सोळा दिवसांत एक पुस्तक म्हटले की कोरीव काम व्हायचे कसे? इंग्रजी रहस्यकथांचे वळण त्यात दिसते, एका गोष्टीतला प्रसंग दुसरीत वेष पालटून येतो, आणि खलपुरुष कधीकधी लांबूनच ओळखू येतो. विद्वानांनी ही पुस्तके वाङ्मयाच्या ओसरीवरच बसवली, माजघरात घेतली नाहीत. त्यांचेही अगदीच चुकले असे नाही. पण एक विचारतो. ज्या घरात पंचांग आणि एखादी पोथी यांपलीकडे छापील कागद नव्हता, तिथे पहिले पुस्तक कोणते गेले? पुष्कळ घरांत ते या ओसरीवरूनच गेले. वाचनालयाचा उंबरठा ओलांडायला मुलगा शिकला तो झुंजारचा पुढचा भाग मिळतो का ते बघायला. आणि पुस्तक बाहेर गेलेले असले की हात हलवीत परत कसे जायचे, म्हणून शेजारच्या फळीवरचे दुसरे एखादे उचलायचा. त्या दुसऱ्या पुस्तकावर नाव कधी हरिभाऊंचे असे, कधी साने गुरुजींचे.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. जपानात शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी वीतभर उंचीच्या, मधून मधून चित्रे घातलेल्या कादंबऱ्या निघतात. त्यांना तिकडे ‘लाइट नॉव्हेल’ म्हणतात. काझुमा कामाची नावाच्या लेखकाने २००४ साली एक मालिका सुरू केली आणि तिचे भागांमागून भाग काढले. तिथेही थोरामोठ्यांनी नाके मुरडली असतील, पण पोरे वाचतात. हलके म्हणजे हलक्या दर्जाचे, हा अर्थ आपण फार घाईने लावतो. उचलायला हलके, असाही अर्थ होतोच की.

आपल्याकडे पुढे पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी हीच वाट धरली. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन हे त्यांचे नायक. मात्र ते तिथेच थांबले नाहीत. १९८२ साली ‘दुनियादारी’ आली आणि कॉलेजातल्या पोरापोरींनी ती अक्षरशः पळवली. शिरवळकर २००३ साली गेले, वय अवघे चोपन्न. त्या कादंबरीवर चित्रपट निघाला तो २०१३ साली; लोकांनी डोक्यावर घेतलेला तो बघायला लेखक राहिला नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, वर्गात एखाद्याच्या दप्तरात गणिताच्या वहीखाली असले पुस्तक सापडले, तर लगेच जप्त करू नका. आज त्या जागी मोबाईल सापडण्याचा संभव अधिक, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. त्या मुलाला उभे करा आणि गोष्ट सांगायला लावा. मात्र शेवटाच्या अलीकडे थांबवा. गुन्हेगार कोण आणि कशावरून, हे बाकीच्यांना लिहून काढू द्या. निबंधाला चार ओळी न लिहिणारा मुलगा त्या दिवशी पान भरून लिहील. कशावरून, हा शब्द तेवढा विसरू देऊ नका. सगळी गंमत तिथेच आहे.

अर्णाळकर १९९६ साली वारले. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या या माणसाची पुस्तके आज शोधू म्हटले तर सहज मिळत नाहीत. काही थोडी पुन्हा छापली गेली, पण बाकीची? स्वस्त कागद, पातळ पुठ्ठा, आणि शंभर हात फिरलेले. वाचून वाचून फाटली ती. वाचनालयांनीही ती जपायची म्हणून घेतलेली नव्हती. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत एखादे निघाले, शेवटचे पान नसलेले का असेना, तर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या. शेवटचे पान बहुधा तिथल्या एखाद्या जुन्या सभासदाला तोंडपाठ असेल.