स्नो आणि पावडर यांच्यामधली रेघ

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पोरींनो, पुढं या. मागं भिंतीला टेकून उभ्या राहू नका. आज बोलायचंय ते तुमच्या तोंडाबद्दलच.

विषय ऐकून दोन-तीन कार्यकर्ते हसले. बेकारी आहे, झोपड्या तुटतायत, आणि ही क्रीम-पावडरवर बोलणार! हसा. त्यातल्याच एकाच्या बॅगेत पुरुषांना गोरं करणारी ट्यूब मी पाहिलीय. तसली ट्यूब २००५ साली बाजारात आली. त्याआधी हा भाऊ काय लावत होता ते त्याच्या बहिणीला विचारा.

मी चार वर्षं एका मॉलमध्ये प्रसाधनांच्या काउंटरवर उभी होते. उभी म्हणजे उभीच, स्टूल मिळत नाही. डाव्या हाताला 'स्किनकेअर', उजव्या हाताला 'मेकअप'. डावीकडे येणारी मॅडम पहिलं वाक्य ठरलेलं बोलायची, 'मी मेकअप करत नाही हं, मी फक्त स्किनची काळजी घेते.' आणि सहा बाटल्या घेऊन जायची. त्यातली एक बाटली सरळसरळ रंगाची असायची, चेहऱ्यावरचे डाग झाकणारी. पण ती डावीकडच्या फळीवर होती ना, म्हणून ती काळजी. उजवीकडे यायच्या त्या कॉल सेंटरच्या, सोन्याच्या दुकानातल्या, रिसेप्शनवरच्या पोरी. एक लिपस्टिक, एक काजळ. त्या निघून गेल्या की मॅडम लोक म्हणणार, किती भडक!

आणि आम्ही काउंटरमागच्या? आम्हाला लिपस्टिक-फाउंडेशन सक्तीचं. लावलं नाही तर ड्यूटीवर उभं करत नसत. माझ्या रंगाचं फाउंडेशन त्या फळीवर नव्हतंच. दोन घर उजळ होतं ते लावायचं. तोंड एकीचं, मान दुसरीची. अशी चार वर्षं काढली.

आता मला सांगा, ही रेघ कोणी मारली? वस्तूत तर ती दिसत नाही. आपली मराठी बघा. आपल्या आज्या म्हणायच्या, 'स्नो-पावडर करून बसलीय.' जोडशब्द. स्नो म्हणजे क्रीम. मुंबईत १९१९ साली निघालेला अफगाण स्नो घराघरात होता. तो त्वचा मऊ करायलाही लावायचे आणि वर पावडर चिकटून राहावी म्हणूनही लावायचे. म्हणजे एकाच बोटाने काळजी आणि नखरा. आजीने मध्ये फक्त एक जोडरेघ ठेवली. ती तोडली दुकानदारांनी.

जस्ताचं भस्म घ्या, झिंक ऑक्साइड. पांढरी भुकटी. हाच सफेदा रंगभूमीवरच्या रंगात. हाच बाळाच्या ढुंगणाला लावायच्या मलमात. हाच उन्हाच्या क्रीममध्ये. त्यात थोडं लोहाचं ऑक्साइड घाला, म्हणजे गंजाचाच भाऊबंद, की गुलाबी कॅलामाइन होतं. अंगाला खाज सुटली की दवाखान्यातून जी गुलाबी बाटली मिळते ती. तेच लोहाचं ऑक्साइड पिवळं, तांबडं, काळं असं कमीजास्त करून फाउंडेशनचे सगळे रंग बनतात. आणि गंमत अशी की हा रंग नुसता रंग नाही. साध्या पांढऱ्या सनस्क्रीनला डोळ्यांना दिसणारा उजेड फारसा अडवता येत नाही, तो लोहाचा रंग अडवतो. सावळ्या कातडीवर वांग वाढवायला हा उजेडही कारण होतो. म्हणून वांग असलेल्या बाईला त्वचेचे डॉक्टर रंग असलेलं सनस्क्रीन सांगतात. म्हणजे तिथं मेकअप हेच औषध. बोला आता, कुठं ठेवता ही बाटली? डावीकडे की उजवीकडे?

कायद्याला विचारलं तर तो खांदे उडवतो. १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा म्हणतो, अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची वस्तू, मग ती स्वच्छ करायला असो, सुंदर करायला असो की रूप बदलायला, सगळी कॉस्मेटिक. एकच पिशवी. कराच्या यादीतही मेकअप आणि त्वचेची निगा एकाच ३३०४ नंबराखाली. सरकार रेघ मारतं ती दुसरीकडे, औषध आणि प्रसाधन यांच्यात. कारण तिथं पैसा आहे. आपल्या मराठी माणसाच्या विको कंपनीचं प्रकरण आठवा. हळदीची क्रीम. कंपनी जाहिरातीत गाऊन सांगायची की हे कॉस्मेटिक नाही. ते गाणं आपल्या तोंडात बसलं, पण त्यामागचं भांडण कोणाला माहीत नव्हतं. १९७८ पासून अबकारी खात्याशी खटला चालू होता. खातं म्हणे प्रसाधन, कंपनी म्हणे आयुर्वेदिक औषध. औषधाला कर कमी. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली.

जीएसटी आला २०१७ साली. कुंकू, टिकली, सिंदूर, आळता यांवर कर शून्य. काजळ डबीतलं असेल तर शून्य, पेन्सिलीतलं असेल तर कर. सप्टेंबर २०२५ मध्ये तोंडाची पावडर पाच टक्क्यांवर आली, क्रीम मात्र अठरावरच. म्हणजे नवऱ्याच्या नावाने कपाळ रंगवलं तर तो मेकअपच नव्हे! ओठ रंगवले तर मोजा पैसे. यात धर्म कुठं संपतो आणि हिशेब कुठं सुरू होतो, मला तरी कळलेलं नाही.

आता गोऱ्या रंगाकडे येते. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरने फेअर अँड लव्हली काढली. ती कधी मेकअप म्हणून विकली नाही, काळजी म्हणूनच विकली. अशा क्रीममध्ये दोन कामं चालतात. नायसिनामाइड नावाचं जीवनसत्त्व त्वचेतला रंग वरच्या पेशींत पोचणं जरा कमी करतं, हळूहळू, थोडंसं. आणि टायटॅनियम डायऑक्साइड नावाचा पांढरा रंग लावल्या-लावल्या तोंड उजळ दाखवतो. हा दुसरा भाग निव्वळ मेकअप. संध्याकाळी धुतला की गेला. पोरगी आरशात बघते, म्हणते, फरक पडला! २०२० मध्ये अमेरिकेत काळ्या माणसाच्या खुनावरून रस्ते पेटले, तेव्हा इथं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं.

काही जण म्हणतील, काळा रंग म्हणजे दलित, गोरा म्हणजे ब्राह्मण, हे सरळ आहे. सरळ नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचे आकडे मांडून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. आपल्यातही गोरे आहेत, त्यांच्यातही काळे. पण स्थळ बघायला आलेल्या बाईच्या डोळ्यात नाकाची पट्टी नसते, रंगाची असते. आणि ती बाई जयभीम म्हणणारी असते, हे लिहून घ्या.

माझी मावसबहीण. नाव सांगत नाही. बारावीनंतर स्थळं यायला लागली. तिने एकदा लिपस्टिक लावली तर मामाने कानफटात मारली, असली थेरं आपल्यात चालायची नाहीत म्हणून. मग गल्लीतल्या केमिस्टकडून ट्यूब आली. मावशी अभिमानाने सांगायची, 'आमची पोरगी मेकअप करत नाही. साधी आहे. फक्त औषध लावते.' त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. वांगासाठी डॉक्टर काही आठवड्यांपुरतं देतात ते तिहेरी मलम: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. तिने तीन वर्षं लावलं. पहिले दोन महिने चेहरा उजळला, नात्यातल्या बायका विचारायला लागल्या काय लावते. मग कातडी पातळ झाली. लाल शिरा दिसायला लागल्या, पुरळ आलं, गालावर लव वाढली. उन्हात गेलं की आग. बंद केलं की आणखी आग, म्हणून परत लावायचं. डॉक्टरांनी या चेहऱ्याला नावच ठेवलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. २०१८ साली सरकारने असली चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी केली. आमच्या गल्लीत चिठ्ठी कोण विचारतं?

मामाने मारली ती लिपस्टिकसाठी. लिपस्टिकने तिचं काही बिघडलं नसतं.

पाऱ्याचं तर विचारूच नका. पारा त्वचेत रंग बनूच देत नाही आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत तो क्रीममध्ये घालायला बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाखांत एक भाग. तरी २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आली. क्रीम ब्यूटी पार्लरमार्फत आलेली, पारा निघाला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरमकडेही असेच रुग्ण सापडले. 'हर्बल' म्हटलं की आपण डोळे मिटतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले ते लुगड्याबद्दल, दागिन्यांबद्दल. ज्या खुणांवरून तुम्ही ओळखल्या जाता त्या टाकून द्या, हे त्यांचं सांगणं. तेव्हा कोणी हसलं नाही. बायकांनी लुगडी खाली घोट्यापर्यंत सोडली, गळ्या-हातातलं काढून टाकलं. पण गळ्यातलं काढता येतं. कातडी काढता येत नाही, आणि ती ट्यूब तेच करायला बघते.

म्हणून पोरींनो, लिपस्टिक लावायची तर लावा. कोणाच्या बापाला विचारू नका. ड्यूटीवर सक्ती करतात तर पैसे कंपनीकडून मागा. युनियनच्या मागण्यांत गणवेश असतो, मग हे का नको? आणि भावांनो, तुमचं थोबाड लिपस्टिकवर उघडतं, ते ट्यूबवर उघडू द्या.

पुढच्या रविवारी येताना घरातल्या सगळ्या ट्यूबा घेऊन या. आईच्या, वहिनीच्या, तुमच्या स्वतःच्याही. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं बघायची. डाव्या कडेला लाल पट्टी आणि आरएक्स छापलंय का बघायचं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ताच नसेल ती आधी बाजूला काढायची. वर्षानुवर्षं लावत असाल तर एकदम फेकू नका, चेहरा पेटेल. सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात जाऊ. कोणी एकटी जायची नाही, मी बरोबर येते. मावसबहीणही येणार आहे. तिने ओढणी बांधलेली असेल, काय झालं म्हणून विचारत बसू नका.