गांजा, आनंदामाइड आणि अपस्मार



सन १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी गांजाच्या औषधी गुणांविषयी एक निबंध वाचला. त्यात अवघ्या चाळीस दिवसांच्या एका बालिकेची हकीकत आहे. तिला सारखे आचके येत होते आणि रूढ उपचार हरले होते. अखेर गांजाच्या अर्काचे थेंब तिच्या जिभेवर घालण्यात आले. बालिका झोपी गेली. आचके पुन्हा आले तेव्हा मात्रा पुष्कळ वाढवावी लागली; पण ती वाचली.

तरीही हे औषध वैद्यकात स्थिरावले नाही. एका अर्काचा जोर दुसऱ्यात नसे, आणि गुण नेमका कोणत्या द्रव्याचा, हेही ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा इस्रायलमधील राफाएल मेशुलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी १९६३ मध्ये कॅनाबिडिऑलची रचना निश्चित केली आणि १९६४ मध्ये टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल वेगळे काढले. यांपैकी नशा आणते ते दुसरे. पहिले आणीत नाही.

वनस्पतीतील द्रव्य मेंदूवर परिणाम करते, तर त्याला धरणारे काहीतरी मेंदूत असलेच पाहिजे. असे ग्राही १९८८ मध्ये सापडले. शरीर स्वतःच तयार करीत असलेले, त्यांना जुळणारे द्रव्य १९९२ मध्ये हाती आले. ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवण्यात आले. अशा द्रव्यांचे कार्य विलक्षण आहे. मज्जापेशीला संदेशांचा अतिरेक झाला, की ती हे द्रव्य उलट दिशेने, संदेश धाडणाऱ्या पेशीकडे पाठविते आणि तिला आवर घालते. अपस्माराच्या झटक्यात ढळतो तो हाच तोल.

मात्र कॅनाबिडिऑल या ग्राहींना घट्ट धरीत नाही. ते अन्य मार्गांनी पेशींची उत्तेजितता कमी करीत असावे. त्याची खरी कसोटी लागली ती रुग्णांवरच. ड्रावे नावाच्या दुर्धर बाल-अपस्माराच्या १२० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांच्या जोडीला कॅनाबिडिऑल घेणाऱ्यांमध्ये महिन्याच्या झटक्यांची मध्यम संख्या १२.४ वरून ५.९ वर उतरली. त्याऐवजी दिखाऊ औषध घेणाऱ्यांमध्ये ती १४.९ वरून १४.१ झाली. २०१८ मध्ये अमेरिकेने या शुद्ध औषधाला मान्यता दिली.

हा दिलासा मोठा असला, तरी तो संपूर्ण मुक्ती नव्हे. झटके पूर्णपणे थांबलेले रुग्ण थोडेच होते. गुंगी, जुलाब, भूक मंदावणे हे त्रास होतात. व्हॅल्प्रोएटच्या जोडीला दिल्यास यकृतावर विशेष लक्ष ठेवावे लागते.

मुलाच्या झटक्यांनी हवालदिल झालेले आईबाप कोणत्याही तेलाकडे आशेने पाहतात, हे स्वाभाविक आहे. परंतु द्रव्याचे प्रमाण अज्ञात असलेल्या तेलासाठी चालू औषध एकाएकी बंद केले, तर न थांबणारे, प्राणघातक झटके येऊ शकतात. कलकत्त्याच्या त्या बालिकेच्या वेळी वैद्यापाशी थेंब मोजण्यापलीकडे साधन नव्हते. आज मोजमाप हाती आले आहे. ते सोडून पुन्हा अंदाजाकडे वळण्याचे कारण उरलेले नाही.